हौशी एम्युलेटरचा सोर्स खुला केला तर बाहेरचे हात खरंच लागतात का?

खटपट्या (धागाकर्ता)

मंडळी, जरा तांत्रिक विषय आहे. पण या वाटेने गेलेले बरेच आयडी इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतो.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जो 'व्हिडिओ गेम' असायचा (कुणाकडे सामुराई, कुणाकडे लिटल मास्टर, बहुतेकांकडे बिननावाचा) तो मुळात निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. त्याचा एम्युलेटर (त्या डब्याची नक्कल करून त्याचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) मी लिहिलाय. एनईएसचे (फॅमिकॉमच्या परदेशी अवताराचे) एम्युलेटर पोत्याने पडलेत, मग अजून एक कशाला, हे घरातही विचारून झालंय. कारण असं, की आपला डबा ना अमेरिकन एनईएससारखा चालायचा ना युरोपियन. माझा जुना डबा उघडला तर आत यूएमसीच्या चिपा निघाल्या, यूए६५२७पी आणि यूए६५३८. म्हणजे रशियात 'डेंडी' नावाने जो विकला गेला त्याचंच भावंड. आपला टीव्ही पाल, ५० हर्ट्झचा, त्यामुळे फ्रेममध्ये ३१२ ओळी. अमेरिकन कन्सोल काढतो २६२. यूएमसीवाल्यांनी जादाच्या ५० ओळी कुठे टाकल्या, तर चित्र संपल्यावर आणि व्हीब्लँक (दोन चित्रांमधली मोकळी वेळ) सुरू व्हायच्या आधी. सीपीयूच्या एका ठोक्याला पीपीयूचे (चित्र काढणाऱ्या चिपचे) तीन, हे प्रमाणही अमेरिकन कन्सोलचंच ठेवलं. म्हणून जपानी-अमेरिकन गेम न बिघडता चालतात, फक्त सगळं सहाला पाच अशा वेगाने. लहानपणी आपण ऐकलेलं मारिओचं संगीत मूळ लयीपेक्षा संथ होतं ते यामुळे.

असो, भरकटलो. कोड आजवर माझ्याच डिस्कवर आहे. ऑफिसातला एक मित्र म्हणतो गिटहबवर (कोड सगळ्यांसमोर ठेवायच्या साइटवर) टाक, जीपीएल (वापरा, बदला, पण वाटताना सोर्स खुलाच ठेवा असा परवाना) लाव, लोक येतील आणि उरलेले मॅपर लिहून देतील. (मॅपर म्हणजे कॅसेटमधली ती करामत, जी जादा मेमरीच्या बँका आलटून पालटून समोर आणते. आपल्याकडच्या '५२ इन १' छाप कॅसेटांचे मॅपर तर एकेक अजब.) दुसरा मित्र म्हणतो कुत्रंही फिरकणार नाही. मला स्टार नकोत, हात हवेत. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी लिहावं. रॉम (कॅसेटमधल्या गेमच्या फाइली) कुठून उतरवायचे हे कृपया या धाग्यात विचारू नये.

---

मंद्रसप्तक

वाचनखूण साठवली आहे. कॅसेटमध्ये फुंकर मारून परत लावणाऱ्या पिढीतर्फे +१. तांत्रिक भागात माझा उपयोग शून्य, पण संगीताच्या संथपणाचं कारण इतक्या वर्षांनी कळलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

प्राची_कु

लागतात. सगळ्यात ठळक उदाहरण डॉल्फिनचं, म्हणजे निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलच्या एम्युलेटरचं.

२००३ च्या सप्टेंबरात पहिली आवृत्ती आली ती बंद सोर्सची होती. गेमक्यूब तेव्हा बाजारात चालू होता, एम्युलेटरवर गेम जेमतेम हलायचे. पुढे काम थंडावलं. २००८ मध्ये मूळ दोघा लेखकांनी सोर्स जीपीएल २ खाली खुला केला, आणि फेब्रुवारी २००९ पर्यंत त्यावर वी चा (गेमक्यूबनंतरच्या कन्सोलचा) अधिकृत सिस्टिम मेन्यू बूट होत होता. तिथून पुढे लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, नेटप्ले, सगळं आलं. आज त्या रिपॉझिटरीत (कोडच्या कोठारात) शेकडो लोकांचे कमिट (नोंदवलेले बदल) आहेत आणि मूळ दोघांपैकी कुणी तो प्रकल्प चालवत नाही. त्या दोघांपैकी एक, हेन्रिक रिडगार्ड, त्याने २०१२ च्या नोव्हेंबरात पीपीएसएसपीपी (सोनीच्या पीएसपीचा एम्युलेटर) काढला तो पहिल्या दिवसापासून खुल्या सोर्सचा. तिथेही बाहेरून आलेल्या एका टोपणनावाच्या माणसाने बरंच मोठं काम उचललं. ज्याने बंद आणि खुलं दोन्ही करून पाहिलं त्याने दुसऱ्या वेळी काय निवडलं ते बघ, एवढंच म्हणते.

---

एकांडा_शिलेदार

प्राचीताई, उदाहरण बरोबर, पण त्यातून काढलेलं अनुमान मला पटत नाही.

२००८ साली डॉल्फिनकडे माणसं आली कारण वी तेव्हा दुकानात विकला जात होता आणि आतून तो बराचसा गेमक्यूबच होता. तोच पॉवरपीसीचा वंश, ४८६ मेगाहर्ट्झच्या जागी ७२९. म्हणजे अर्धं काम झालेलं, समोर कोट्यवधी लोकांकडे असलेला कन्सोल, आणि दुसरा कुठलाही एम्युलेटर नाही. अशा ठिकाणी लोक येणारच. सोर्स खुला नसता तर आले नसते हे मान्य. पण सोर्स खुला होता *म्हणून* आले असं नाही.

आता उलटं उदाहरण घ्या. झेडस्नेस. एके काळी सुपर निन्टेन्डो म्हणजे झेडस्नेस, सायबर कॅफेत सुद्धा असायचा. एप्रिल २००१ मध्ये जीपीएलखाली खुला झाला. वापरणारे अफाट. शेवटची आवृत्ती १.५१, जानेवारी २००७. का मेला? कारण मुख्य गाभा ३२ बिट एक्स८६ असेम्ब्लीत (एकाच जातीच्या प्रोसेसरला कळणाऱ्या भाषेत) हाताने लिहिलेला. १९९७ च्या पेंटियमवर तेच शहाणपण होतं. पण जग ६४ बिटकडे आणि मोबाइलच्या एआरएमकडे गेलं तेव्हा तो कोड उचलून नेणं कुणाला परवडेना. परवाना मोकळा, दार सताड उघडं, आत शिरायची हिंमत कुणाची होईना.

आणि एनईएसचं तर विचारूच नका. तिथे एम्युलेटर लिहिणं हाच खेळ आहे. ज्याला तुमच्या कोडमध्ये पीपीयूचा बग दुरुस्त करता येतो, त्याला स्वतःचा पीपीयू लिहायचा असतो. चिप-८ झालं, गेम बॉय झाला, मग एनईएस, ही पोरांची ठरलेली पायरी आहे. गिटहबवर शोधून बघा, प्रत्येकाची वेगळी रिपॉझिटरी, प्रत्येकीत कमिट एकाच माणसाचे. मेसेन हा आजचा सर्वांत अचूक एनईएस एम्युलेटरांपैकी एक, सोर्स खुला, तरी तोही जवळपास एकाच माणसाने लिहिलेला आहे. तुमचा दुसरा मित्र बरोबर आहे.

---

खटपट्या

शिलेदार, टोचलं पण खरं आहे. मी स्वतः दुसऱ्याच्या एम्युलेटरला एकही पॅच (दुरुस्तीचा तुकडा) पाठवलेला नाही, सरळ स्वतःचा लिहायला बसलो. :)

माझा कोड सी प्लस प्लसमध्ये आहे, असेम्ब्ली नाही. सीमेकने एका आज्ञेत बिल्ड होतो, निदान लिनक्सवर.

सेमूचं काय झालं? त्याबद्दल कुणी लिहील का?

---

दूरदेशी

सेमूबद्दल लिहितो, मी तो सुरुवातीपासून पाहत आलोय.

वी यू चा एम्युलेटर. ऑक्टोबर २०१५ मध्ये पहिली आवृत्ती, बंद सोर्स, फक्त विंडोज. पुढे पॅट्रिऑनवर देणगीदारांना नवी आवृत्ती आठवडाभर आधी मिळायची. २०१७ च्या मार्चमध्ये झेल्डाचा नवा गेम आला आणि सेमू एकदम घराघरात पोचला. तेव्हा मंचांवर रोजची भांडणं, की पैसे घेता आणि सोर्स का देत नाही. लेखकाने ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर काम त्याशिवायही वेगाने पुढे गेलं. पूर्ण वेळ राबणारा एक हुशार माणूस पन्नास येणाऱ्या-जाणाऱ्यांना भारी पडतो.

मग ऑगस्ट २०२२ मध्ये आवृत्ती २.० बरोबर सोर्स एमपीएल २.० या परवान्याखाली बाहेर आला. त्या वेळी लेखकाने जे लिहिलं त्याचा आशय असा, की इतकी वर्षं बहुतांश एकट्याने हे ओढलं, त्याचा ताण झालाय, आता मी थोडा मागे सरणार. म्हणजे तेजीत असताना दार उघडलं नाही, दमल्यावर उघडलं.

लोक आले का? आले, पण कुठल्या कामाला ते बघण्यासारखं आहे. लिनक्सचं बिल्ड नीट करणं, मॅक, पॅकेजिंग, इनपुटची उपकरणं, भाषांतर, इंटरफेसची डागडुजी. मोठं म्हणावं असं काम म्हणजे अॅपलच्या मशिनांसाठी मेटलचा ग्राफिक्स बॅकएंड, तो बाहेरच्याच माणसाने लिहिला. गाभ्यात, म्हणजे सीपीयूचा रीकंपायलर आणि ग्राफिक्स चिपचं वागणं, तिथे हात घालणारे बोटांवर मोजण्याइतके.

यातून मला दिसतं ते असं. बाहेरचा माणूस काठावर येतो. ज्याच्याकडे मॅक आहे तो मॅकसाठी येतो, ज्याच्याकडे विचित्र कंट्रोलर आहे तो कंट्रोलरसाठी येतो. त्याला स्वतःला जे खुपतं तेवढं तो करतो आणि जातो. यात वाईट काही नाही. मूळ लेखकाच्या टेबलावर मॅक नसेल तर ते काम त्याच्याकडून कधीच झालं नसतं.

---

ब्रह्मेकाका

दूरदेशी यांच्याशी सहमत. फक्त खर्चाची बाजू कुणी मांडत नाही म्हणून मी मांडतो.

मी एका छोट्या एम्युलेटरचा सांभाळकर्ता होतो (नाव सांगत नाही, त्यातली मंडळी अजून आहेत). सोर्स उघडला की पॅचच्या आधी इश्यू येतात. "अमुक गेम कधी चालणार?", "अँड्रॉइडवर का नाही?", "माझ्या फोनवर स्लो आहे, काहीतरी करा." जेवणारे शंभर आणि वाढपी दोन, अशी पंगत असते ती. पॅच येतो तेव्हा तो बहुधा एका गेमपुरता असतो: गेमचा क्रमांक बघ, तो असेल तर अमुक रजिस्टर तमुक किंमत परत दे. गेम चालतो, पाठवणारा खूश. पण हार्डवेअर असं वागत नाही. असे चार तुकडे घेतले की कोड कुजतो. नाही म्हटलं की माणूस रागावतो आणि फोर्क (त्याच कोडची आपली वेगळी फांदी) काढतो. आणि हल्ली मशीनकडून लिहून घेतलेले लांबलचक पॅच येतात, पाठवणाऱ्यालाच त्यातली ओळ समजावून सांगता येत नाही. त्याची तपासणी म्हणजे स्वतः लिहिण्यापेक्षा जास्त वेळ.

खटपट्या, तुझ्याकडे रात्रीचे दोन तास असतील, तर त्यातला एक तास इतरांच्या कामाला द्यायची तयारी आहे का, हे आधी ठरव. नसेल तर सोर्स टाक, पण इश्यू बंद ठेव. तेही खुलंच असतं. लोक ते विसरतात.

---

सांगलीची_मिरची

काका, दुसरी बाजू मी सांगते, पॅच पाठवणारीची.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका हातातल्या कन्सोलच्या एम्युलेटरवर माझा आवडता गेम एका ठराविक जागी काळा पडायचा. मला एम्युलेशनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जुन्या आवृत्तीत तो चालायचा हे आठवत होतं. गिट बायसेक्ट नावाचा प्रकार शिकले, अर्धं-अर्धं करत नेमका कोणत्या कमिटने बिघडला ते शोधलं आणि इश्यूत लिहिलं. सांभाळकर्त्याने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं, की कारण बहुतेक अमुक ठिकाणी आहे, बघतेस का? त्या "बघतेस का" वर मी अडकले. दुरुस्ती शेवटी तीन ओळींची होती. त्यासाठी डीएमएचं टायमिंग वाचलं, हार्डवेअरच्या टिपणांमध्ये शिरले, आणि आज नोकरीत फर्मवेअर लिहिते त्याची सुरुवात तिथली.

दुसऱ्या एका प्रकल्पाला मेन्यूतली अक्षरं तुटायची त्याची दुरुस्ती पाठवली होती. देवनागरी नीट दिसावी म्हणून हार्फबझ (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) लावून. ती पुल रिक्वेस्ट कुणी उघडूनही पाहिली नाही. पुढे फाइलीच बदलल्या आणि ती आपोआप निकामी झाली. तिथे परत गेले नाही. परवाना दोन्हीकडे तोच होता, बरं का. जीपीएल.

म्हणून माझं म्हणणं, पहिल्या पॅचला उत्तर किती लवकर मिळतं यावर सगळं ठरतं. "नाही" असं उत्तर मिळालं तरी चालतं, पण मिळालं पाहिजे.

---

एकांडा_शिलेदार

मिरचीताई, तुमच्या गोष्टीत माझाच मुद्दा आहे. *आवडता गेम बिघडला होता.* ते नसतं तर तुम्ही त्या कोडच्या वाऱ्यालाही उभ्या राहिला नसता. खटपट्यांच्या एम्युलेटरवर कुणाचा कोणता गेम बिघडणार आहे? एनईएसचे गेम दहा एम्युलेटरांवर व्यवस्थित चालतात. खाज नाही तिथे खाजवायला कोण येईल?

---

दूरदेशी

इथे मामेचं उदाहरण राहून जातंय, आणि ते या चर्चेत सगळ्यात कामाचं आहे.

मामे, आर्केड मशिनांचा एम्युलेटर, निकोला साल्मोरियाने फेब्रुवारी १९९७ मध्ये काढला. गंमत म्हणजे मार्च २०१६ पर्यंत तो परवान्याच्या काटेकोर अर्थाने 'ओपन सोर्स' नव्हताच. सोर्स सगळ्यांना मिळायचा, पण व्यापारी वापराला बंदी होती. तरी त्या एकोणीस वर्षांत जगभरातून शेकडो लोकांनी त्यात भर घातली. म्हणजे प्राचीताईंचा परवाना आणि शिलेदारांची खाज, दोन्ही बाजूला ठेवून मी तिसरीकडे बोट दाखवतो. रचना.

मामेत प्रत्येक आर्केड बोर्डाची आपली वेगळी फाइल, तिला ड्रायव्हर म्हणतात. सीपीयू, साउंड चिपा हे सामायिक सुटे भाग. एखाद्याने भंगारातून एक बोर्ड उचलला, त्याचे रॉम वाचले, तर तो बाकी कशालाही धक्का न लावता "या पत्त्यावर रॅम, त्या पत्त्यावर जॉयस्टिक, मधे झेड८०" असं लिहून काम करू शकतो. त्याचं चुकलं तरी दुसऱ्या गेमला बाधा नाही, त्यामुळे सांभाळणाऱ्यालाही 'हो' म्हणायला सोपं. बाहेरच्या माणसाला बसायला स्वतंत्र खुर्ची आहे.

एनईएसमध्ये अशी खुर्ची आहे ना! मॅपर. खटपट्या, तुमच्या कोडमध्ये मॅपर स्वतंत्र फाइलींत आहेत की एका मोठ्या स्विचमध्ये कोंबलेत?

---

खटपट्या

एका मोठ्या स्विचमध्ये. :(

सुटे करायला एखादा आठवडा लागेल. मुद्दा पोचला.

---

प्राची_कु

दूरदेशींचा मुद्दा मान्य, पण परवान्याला इतकं हलकं घेऊ नका. मामेने २०१६ मध्ये परवाना बदलला, एकूण संच जीपीएल आणि बऱ्याच फाइली तीन-कलमी बीएसडी. त्यासाठी जुन्या लोकांना एकेक करून शोधून परवानगी घ्यावी लागली. टोपणनावाने वीस वर्षांपूर्वी पॅच पाठवलेला माणूस कुठे सापडणार? डॉल्फिनने २०१५ मध्ये जीपीएल २ वरून 'जीपीएल २ किंवा पुढचा' असं केलं तेव्हाही हाच उपद्व्याप. जुना परवाना अपाची २ या परवान्याच्या कोडशी जुळत नव्हता, ही एक अडचण होती. सुपर निन्टेन्डोचा स्नेस९एक्स आजही 'व्यापारी वापर नको' या परवान्यात अडकलेला आहे, इतक्या लोकांचा हात लागलाय की सोडवायचा कसा.

याच्या उलटही होतं. डकस्टेशन हा प्लेस्टेशनचा चांगला एम्युलेटर जीपीएलवर होता, २०२४ मध्ये लेखकाने तो 'बदल करून वाटायचे नाहीत' अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर नेला. सोर्स अजून दिसतो. पण दिसणं वेगळं आणि हात लावता येणं वेगळं. बाहेरच्यांनी त्यात कशासाठी रात्री जागवायच्या?

तेव्हा पहिला बाहेरचा पॅच घ्यायच्या *आधी* परवाना पक्का कर. नंतर फार महाग पडतं.

---

कायद्याचं_बोला

निन्टेन्डोचं नाव घेतलंय म्हणून दोन शब्द. सल्ला समजू नये.

एम्युलेटर लिहिणं हे आपोआप बेकायदा नाही. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स, नववं सर्किट, २०००, हा त्यातला मैलाचा निकाल. प्रतिस्पर्धी एम्युलेटर लिहिताना अभ्यासासाठी सोनीच्या बायोसच्या (कन्सोल सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामच्या) प्रती काढणं कोर्टाने 'फेअर यूज' मानलं. पण चालू कन्सोलची कुलपं तोडण्याचा प्रश्न आला की हवा बदलते. स्विच कन्सोलच्या युझू या एम्युलेटरवर निन्टेन्डोने २६ फेब्रुवारी २०२४ ला दावा लावला, ४ मार्चला २४ लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि त्याच मंडळींचा थ्रीडीएसचा सिट्रा त्याच झटक्यात बंद झाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला स्विचचाच दुसरा एम्युलेटर र्‍युजिंक्सही गेला, तिथे तर दावाही न लावता, मुख्य लेखकाशी बोलणी करून.

तुमचा फॅमिकॉम १९८३ चा, कुलूपबिलूप काही नाही, त्यामुळे तो धोका तुम्हाला नाही. पण एक जपा. २०२० मध्ये निन्टेन्डोची बरीच अंतर्गत सामग्री फुटली होती. तसलं काही वाचून लिहिलेला पॅच कुणी आणला तर घेऊ नका. नियमांच्या फाइलीत पहिल्याच दिवशी हे लिहून ठेवा.

---

सांगलीची_मिरची

सिट्रावरून आठवलं. सिट्रा बंद झाला पण कोड जीपीएलचा होता, म्हणून त्याचे फोर्क निघाले, त्यातले दोन एकत्र येऊन २०२५ मध्ये अझाहार झाला. नेस्टोपियाचंही असंच. मूळ लेखक २००८ मध्ये १.४० वर थांबला, पुढे दुसऱ्यांनी 'अनडेड एडिशन' म्हणून उचलला. एनईएसचाच एम्युलेटर आहे, शिलेदारदादा, आणि लोक आले! पण लेखक असताना नाही, गेल्यावर आले.

---

एकांडा_शिलेदार

हे मात्र मानलं. लेखक जागेवर असेपर्यंत बाहेरच्याला वाटतं, तो करेलच की. माणूस उठला की मग दुसरा बसतो. त्या अर्थाने सोर्स खुला करावा, मी कधीच करू नका म्हटलेलं नाही. मी फक्त म्हणतोय की गर्दी होईल या आशेने करू नका.

आणि खटपट्या, एक खरं खरं विचारतो. तुमच्याकडे जे दुर्मीळ आहे ते एम्युलेटर नाहीच. ती *माहिती* आहे. नो$जीबीए बघा. बंद सोर्स, एकट्या मार्टिन कॉर्टचा. पण त्याने लिहिलेलं जीबीएटेक हे टिपण गेम बॉय अॅडव्हान्स आणि डीएसच्या झाडून सगळ्या एम्युलेटर लेखकांनी पारायण केल्यासारखं वाचलंय. त्या माणसाने सोर्सची एक ओळ न देता अख्ख्या क्षेत्राला दिलं. एनईएसमध्ये ब्लार्गचे चाचणी-रॉम तसेच. त्याच्या चाचण्या सगळ्यांनी आपापल्या एम्युलेटरवर चालवल्या.

एनईएस २.० या गेम-फाइलींच्या साच्यात हेडरमधला (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीतला) १२ क्रमांकाचा बाइट, मोजणी शून्यापासून, टायमिंगसाठी आहे. शून्य म्हणजे अमेरिकन, एक म्हणजे पाल, दोन म्हणजे दोन्ही, तीन म्हणजे डेंडी. म्हणजे तुमच्या डब्याची सोय जगात आधीच करून ठेवलीय. पण आपल्याकडच्या बाजारात खपलेल्या कॅसेटा, त्यांचे बोर्ड, कुठल्या डब्यात कोणती चिप, याची टिपणं कुठे आहेत? मला तरी दिसलेली नाहीत. रशियन मंडळींनी डेंडीचं किती बारकाईने लिहून ठेवलंय ते वाचा म्हणजे समजेल. तुमचा मॅपर मेसेनमध्ये गेला तर हजारो लोक वापरतील. तुमच्या रिपॉझिटरीत राहिला तर तुम्ही आणि तुमचा मित्र.

---

खटपट्या

शिलेदार, हे वाचून कालपासून डोक्यात चक्र चालू आहे. थोडा राग आला, नाही म्हणत नाही. म्हणजे मी हात मागायला आलो आणि तुम्ही मलाच दुसऱ्याच्या घरी कामाला पाठवताय. :))

पण दोन्ही करायला काय हरकत आहे? ठरवलेलं सांगतो. मॅपर सुट्या फाइलींत काढतोय. परवाना एमआयटी (कुणीही घ्यावा, विकावासुद्धा असा मोकळा) ठेवतो, म्हणजे मेसेन किंवा एफसीईयूएक्स या दुसऱ्या एनईएस एम्युलेटरला जे हवं ते उचलता येईल. त्या दोघांचा परवाना जीपीएल आहे, एमआयटीचा कोड त्यात चालतो. प्राचीताई, तुम्हाला हे आवडणार नाही, माहीत आहे. इश्यू चालू ठेवतो, पण "अँड्रॉइडवर कधी" याला ठरलेलं एक उत्तर लावतो, काकांच्या आठवणीखातर. चिपांची मापं, ऑसिलोस्कोपची चित्रं आणि बोर्डांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये.

---

प्राची_कु

एमआयटी म्हणजे उद्या पंचाहत्तर रुपयांच्या खेळण्यात तुझा कोड भरून कुणीतरी विकणार आणि तुला कळणारही नाही. पण तुझा कोड, तुझी मर्जी.

---

ब्रह्मेकाका

विकू दे की. त्या खेळण्यात निदान ५० हर्ट्झ तरी बरोबर चालेल.

---

मंद्रसप्तक

इतका वेळ नुसता वाचत होतो. एक बावळट प्रश्न. माळ्यावर पिशवीभर जुन्या कॅसेटा आहेत, त्यात दोन-तीन '४२ इन १' छापाच्या, एकीवर तर मराठीत कुणीतरी पेनाने गेमची नावं लिहिलीत. मला कोड येत नाही. या तुमच्या कामाला कुठल्या अर्थाने उपयोगी आहेत का, की भंगारात द्यायला काढू?

---

खटपट्या

भंगारात बिलकुल देऊ नका!!

कॅसेटच्या खालच्या पट्टीवर दोन्ही बाजू मिळून ६० पिना आहेत का बघा. असतील तर फॅमिकॉमच्या मापाची आहे, माझ्याकडच्या डम्परला (कॅसेट वाचून घेणाऱ्या यंत्राला) ती बसते. आधी मागचा स्क्रू काढून बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, उजेडात, चिपांवरची अक्षरं वाचता येतील असे. काळा डांबरासारखा ठिपका असेल तर खरवडू नका, चिप त्याच्या खालीच असते. पुसायला साधं आयसोप्रोपिल आणि कापूस, पॉलिश पेपर नको. पेनाने लिहिलेल्या यादीचाही फोटो हवा, कोणता गेम कितव्या क्रमांकावर आहे यावरून मेन्यू कोणती बँक लावतो ते पडताळता येतं. गाव कुठलं? पुण्याच्या आसपास असाल तर मीच येऊन घेऊन जातो.

---

मंद्रसप्तक

चिंचवड. रविवारी सकाळी या, पण दहाच्या आधी नको, रियाज असतो.

---

दूरदेशी

खटपट्या, मल्टिकार्ट (अनेक गेमची कॅसेट) डम्प करताना नुसती पहिली बँक वाचून थांबू नका. ८००० ते एफएफएफएफ या पत्त्यांवर वेगवेगळ्या किमती लिहून प्रत्येक वेळी काय समोर येतं ते नोंदवा. यातले बरेच बोर्ड डेटाऐवजी पत्त्याचीच बिटं बँक क्रमांक म्हणून वापरतात. काही ६००० च्या भागातही रजिस्टर ठेवतात, तेही तपासा. लॉग इथेच टाका, मी बघतो.